कराटेतले जपानी शब्द तुम्ही कसे लक्षात ठेवता?

पांढरा_पट्टा (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी,

यंदाच्या जुलैपासून मी मुलीबरोबर कराटे शिकायला लागले. ती दहा वर्षांची, मी एक्केचाळीस. आधी नुसती तिला सोडायला जायचे. पाऊस इतका की घरी जाऊन परत येण्यापेक्षा तिथेच बाकावर बसणं सोपं. महिनाभर बसून बघितल्यावर वाटलं, आपणही उठून रांगेत उभं राहावं. सरांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले.

अंगाला आता सवय होतेय. अडतंय ते शब्दांशी. आमचा हॉल पत्र्याचा. सर मोठ्याने आज्ञा देतात, पण पत्र्यावर पाऊस सुरू झाला की शब्दाचं शेपूट तेवढं ऐकू येतं. शब्द आधी माहीत असेल तर शेपटावरून ओळखता येतो. माहीत नसेल तर शेजारच्याचे पाय बघायचे, आणि तोवर सर पुढच्या आकड्यावर गेलेले असतात.

पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले, "आगे उके!" मी आपलं हिंदीतलं आगे समजून एक पाऊल पुढे टाकलं. बाकीची रांग जागेवर, सगळ्यांचे हात कपाळाच्या वर. नंतर कळलं, जपानीत 'आगे' म्हणजे वर जाणारा.

वर्गात शब्दांचा एक कागद मिळाला, तो इंग्रजी अक्षरांत छापलेला. मुलगी इंग्रजी माध्यमातली. तिने त्याच 'आगे उके'चं 'एज यूके' वाचलं आणि 'माए गेरी'चं 'मे जेरी'. कागदावर एक, कानावर दुसरंच. शेवटी मी शंभर पानी वही घेतली आणि सगळे शब्द देवनागरीत उतरवायला बसले. सर बोलतात तसे, कानाला लागतील तसे. तेव्हापासून खूप फरक पडलाय. माए म्हणजे पुढे, उशिरो मागे, योको बाजूला, मावाशी गोल फिरून. हे चार आले की गेरी (लाथ) जोडून चार लाथा तयार. हिदारी डावं, मिगी उजवं. हाजिमे सुरू करा, यामे थांबा, मावात्ते मागे वळा.

पण काही गाठी सुटत नाहीत. ठोशाला सर कधी 'त्सुकी' म्हणतात, कधी 'झुकी'. उभं राहण्याला 'ताची' आणि 'दाची' दोन्ही. 'उची' म्हणजे फटका असं लिहून घेतलं, तर दुसऱ्या दिवशी 'उची उके'मध्ये फटका नव्हताच. आणि मुलीने आजोबांना फोनवर सांगितलं की मी शोदान शिकतेय. आजोबांनी कुठेतरी वाचलेलं की शोदान म्हणजे ब्लॅक बेल्ट. त्यांनी शेजारीपाजारी सांगूनही टाकलं!

गणपतीनंतर पहिली परीक्षा आहे. नुसतं पाठ करून पास व्हायचं नाहीये, समजून घ्यायचंय. जाणकारांनी सांगावं.

---

मी_देवगडचो

ताईनू, बरो धागो काढलास. माझो झील सातवीत असा. घराकडे इलो की अंगणात उभो रवान मोजूक लागता, इच, नी, सान, शी. माझी आवस ब्याऐंशी वर्सांची, ती ओट्यार बसान आयकता. आता तिका धापर्यंत सगळा येता. झील खंय अडाकलो तर तीच फुडचो आकडो सांगता.

माका इचारूचा होता, परीक्षेक ह्ये शब्द तोंडी इचारतत काय?

---

वाशिष्ठी

मी मूळची चिपळूणची, सध्या पुण्यात जपानी शिकते. कराटे येत नाही, पण शब्दांची मदत करू शकते.

आजींना माझा नमस्कार सांगा! दहापर्यंत आलं म्हणजे नव्व्याण्णवपर्यंत आलंच. जू म्हणजे दहा. जू-इची अकरा, जू-नी बारा, नी-जू वीस, नी-जू-इची एकवीस. मराठीत लहान मुलाला एकोणतीस, एकोणचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट असे शंभर शब्द वेगवेगळे शिकावे लागतात. इथे दहा शब्दांत काम होतं.

'इची'चं 'इच' का ऐकू येतं? कारण जपानी बोलताना शेवटचा इ किंवा उ पुष्कळदा पुटपुटल्यासारखा होतो. रोकुचं रोक, हाचीचं हाच. लिहिताना पूर्ण लिहा, बोलताना सरांसारखं बोला.

चारला 'शी' आणि 'योन' असे दोन शब्द आहेत. 'शी' म्हणजे मृत्यू असाही एक शब्द आहे, उच्चार अगदी तोच. म्हणून रोजच्या बोलण्यात लोक शी टाळून बऱ्याचदा योन म्हणतात. सातचंही शिची आणि नाना. वर्गात मोजणी शी, शिची अशीच चालते. पण चौथ्या काताचं (काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली) नाव हेआन योनदान आहे, शिदान नाही. तिथे गोंधळू नका.

शोदानचं कोडं सोपं आहे. 'शो' म्हणजे आरंभीचा, 'दान' म्हणजे पायरी. पहिली पायरी एवढाच अर्थ. ब्लॅक बेल्टची पहिली पायरी शोदान, आणि हेआन मालिकेतला पहिला काता तोही हेआन शोदान. आजोबांना सांगा, नात काताची पहिली पायरी चढतेय. तोच दान ज्योदान, च्यूदान, गेदान यांतही आहे: वरची पायरी, मधली पायरी, खालची पायरी. म्हणजे चेहरा, धड आणि कमरेखालचा भाग.

---

निवृत्त_मास्तर (गुहागर)

सौ. पांढरा पट्टा यांस, आपली वही हाच खरा अभ्यास. मी चौतीस वर्षं मराठी-संस्कृत शिकवलं. नातू कराटेला जातो म्हणून हे शब्द कानावर आहेत. त्सुकी-झुकीचं उत्तर तुम्हाला शाळेतच शिकवलेलं आहे.

जगत् + ईश = जगदीश. त चा द झाला. वाक् + ईश = वागीश. क चा ग. अच् + अंत = अजंत. च चा ज. वर्गातल्या पहिल्या व्यंजनाच्या जागी तिसरं. आता तुमचे शब्द बघा. ताची एकटा असला की ताची, मागे जोडला की झेनकुत्सु-दाची. त चा द. केरी म्हणजे लाथ, जोडली की माए-गेरी. क चा ग. त्सुकी जोडला की ओई-झुकी, ग्याकु-झुकी. संस्कृतात पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर बदलतं, जपानीत दुसऱ्या शब्दाचं पहिलं, एवढा फरक. नातवाला हे सांगितलं त्या दिवसापासून तो त्या कागदावरचे जोडशब्द स्वतः फोडतो.

दुसरी गोष्ट उच्चाराची. मराठी माणसाला त्सुकी म्हणायला जीभ वळवावी लागत नाही. आपल्याकडे दोन च आहेत. चिंच, चहा, चार यांतला एक. चूल, चाक, चूक यांतला दुसरा. त्सुकीतला त्सु म्हणजे चुलीतला चु. आणि झुकीतला झु म्हणजे जवळजवळ 'जुना'मधला जु. हिंदी भाषकाला हा च मुद्दाम शिकावा लागतो, आपण तो पाळण्यात शिकलो.

उलट 'चुदान' असं लिहिलंत तर मुलं तो चुलीतल्या च ने वाचतील, आणि ते चुकेल. तिथे चिंचेतला च हवा. म्हणून वहीत 'च्यूदान' लिहा. तसंच 'जोदान' लिहिलं की मुलं 'जोडी'तला ज काढतात. 'ज्योदान' लिहा, ज्योतीतला ज येईल. आणि द हा दाराचा द, डब्याचा ड नव्हे. जपानीत ट-ठ-ड-ढ नाहीतच. खुद्द कराटे या शब्दातही त आहे: कारा-ते. कारा म्हणजे रिकामा, ते म्हणजे हात. मराठीत कराटे रुळला आहे, तो बदलायला मी सांगणार नाही, पण 'ते' म्हणजे हात हे लक्षात असलं की शुतो, हिकिते (मागे ओढलेला हात), कुमिते (जोडीने लढणं) यांची दारं उघडतात.

---

वाशिष्ठी

मास्तर, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. जोडशब्दांतल्या या बदलाला जपानीत रेंदाकु म्हणतात. चार वर्षं शिकतेय, पण वागीश-जगदीशशी जोडून कधी पाहिलं नव्हतं.

त्यात एक भर. 'गेदान बाराई'तला बाराई मूळचा हाराई, म्हणजे झाडून बाजूला सारणं. ह चा ब कसा झाला? कारण फार पूर्वी जपानीत ह च्या जागी प होता. प चा ब, तुमच्या 'अप् + ज = अब्ज'सारखा. ताईंच्या वर्गात पुढे गोहोन कुमिते, सानबोन कुमिते, इप्पोन कुमिते येतील. पाच, तीन, एक. होन, बोन, पोन हे तिन्ही एकच शब्द आहेत. जुना प तिथे अजून दिसतो.

शुतो आणि ते यांचंही सांगते. हाताचं चित्राक्षर एकच. त्याचा घरचा जपानी उच्चार 'ते', आणि चिनीवरून आलेला उच्चार 'शु'. आपल्याकडे हात आणि हस्त असावेत तसं. एकटा असेल तेव्हा हात, जोडशब्दात बऱ्याचदा हस्त: हस्तकला, हस्ताक्षर. शुतो म्हणजे हस्त-खड्ग, हाताची तलवार. 'उची'ची गोष्ट मात्र वेगळी. ते दोन स्वतंत्र शब्द आहेत, अक्षरंही वेगळी. एक उची म्हणजे मारणं, दुसरा म्हणजे आतला. जसं आपल्याकडे 'पाठ' म्हणजे अंगाची पाठ आणि शाळेतला पाठ.

---

रायवळ

सगळं वाचलं, छान आहे. पण मला एक प्रामाणिक प्रश्न पडतो. मुलांना हे सगळं जपानीत का शिकवायचं? 'पुढची लाथ', 'वरचा अडसर' म्हटलं तर काय बिघडेल? माझी भाची श्रीवर्धनला वर्गाला जाते. ती लाथ उत्तम मारते, पण तोंडी परीक्षेत शब्द आठवले नाहीत म्हणून रडत घरी आली. लाथ महत्त्वाची की लाथेचं नाव?

---

बंदरावरचा_वर्ग (मालवण)

देवगडकरांनू, होय, बऱ्याच वर्गांत तोंडी इचारतत. झिलाक सांगा, शब्द म्हणताना ती कृती अंगान करून बघ.

रायवळ, तुमच्या भाचीचं ऐकून वाईट वाटलं. मी बावीस वर्षं शिकवतो आणि असं रडणारं मूल मीही पाहिलंय. चूक त्या मुलीची नाही. शब्द कागदावरून पाठ करायला दिला की तो परीक्षेच्या दिवशी पळतो. शब्द अंगातून गेला पाहिजे.

माझ्याकडे बंदरावरची मुलं येतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत मोठी मुलंही सलग येतात. त्यांना किबा-दाची शिकवायची होती. किबा म्हणजे घोड्यावर बसणं. त्यांच्यातला एकही कधी घोड्यावर बसलेला नाही. मी म्हटलं, होडी लाटेवर हलतेय, तुम्ही मध्ये उभे आहात, दोन्ही हातांत जाळं आहे, धरायला काही नाही. कसे उभे राहाल? सगळ्यांचे पाय आपोआप फाकले, गुडघे वाकून बाहेर गेले, वजन दोन्ही पायांवर सारखं, पाठ सरळ. एकाच्याही खांद्याला हात लावावा लागला नाही. मग सांगितलं, ह्याका म्हणतत किबा-दाची. तो शब्द आजवर कोणी विसरलं नाही.

नेकोआशी-दाचीचंही तसंच. नेको मांजर, आशी पाय. आई ओट्यावर मासे कापायला बसली की मांजर कशी पुढे येते? सगळं वजन मागे, पुढचा पाय टेकवते न टेकवते. तेच. हाचिजी-दाचीतला 'हाची' म्हणजे आठ, पण आपला ८ नव्हे. जपानी आठ कौलारू छपराच्या दोन उतारांसारखा असतो, पावलं तशी ठेवायची. झेनकुत्सुतला 'झेन' म्हणजे पुढे आणि 'कुत्सु' म्हणजे वाकलेला. पुढचा गुडघा वाकलेला, वजन पुढे जास्त. कोकुत्सुत 'को' म्हणजे मागे, तिथे वजन मागच्या पायावर जास्त. नाव फोडलं की पाय कुठे ठेवायचे ते नावच सांगतं.

आता 'उके'. याला सगळे अडसर किंवा ब्लॉक म्हणतात. पण उके म्हणजे घेणं, स्वीकारणं. मी मुलांना 'झेल' म्हणून सांगतो. क्रिकेटचा झेल घेताना चेंडूला समोरून धक्का दिला तर हात फुटतो, चेंडूबरोबर थोडं मागे यावं लागतं. उकेत तेच आहे. 'ब्लॉक' शिकलेलं मूल हात लाकडासारखा आपटतं. 'झेल' समजलेलं मूल येणाऱ्या हाताला वाट दाखवून बाजूला नेतं. शब्दाचा अर्थ बदलला की हात बदलतो, हे मी रोज बघतो. म्हणून मूळ शब्द ठेवावा आणि अर्थ आपल्या भाषेत सांगावा, असं माझं मत.

ताई, उची उके आणि सोतो उकेबाबत एक सावधगिरी. उची आत, सोतो बाहेर. शोतोकान या शैलीत हात बाहेरून आत येतो तो सोतो उके, आतून बाहेर जातो तो उची उके. काही शैलींत हीच नावं नेमकी उलटी वापरतात. हात कुठून निघतो यावरून नाव द्यायचं की कुठे पोचतो यावरून, असा तो फरक आहे. इंटरनेटवर बघून गोंधळू नका. तुमच्या सरांची शैली कोणती ते विचारा आणि परीक्षेपुरतं त्यांचंच धरा.

---

तपकिरी_पट्टा

मी सतरा वर्षांची आहे, अलिबागला शिकते. रायवळकाका, स्पर्धेत गेल्यावर जपानी शब्द का लागतात ते कळतं. पंच कुठल्याही गावचे असोत, मॅटवर भाषा एकच. लाल पट्टा आका, निळा आओ. युको एक गुण, वाझाआरी दोन, इप्पोन तीन. "यामे" ऐकलं की हात तिथेच थांबलाच पाहिजे, कारण तो समोरच्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असतो. तिथे भाषांतर करायला वेळ नसतो.

काता करायच्या आधी त्याचं नाव मोठ्याने सांगावं लागतं. माझ्या पहिल्या स्पर्धेत माझ्या तोंडून नाव नीट फुटलंच नाही. पूर्ण काता करताना डोक्यात तेच राहिलं. तेव्हापासून घरामागच्या वाडीत माडांसमोर उभं राहून नावं ओरडायचा सराव केला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये (ते २०२१ साली झालं) जपानमधल्या ओकिनावाच्या र्यो कियुनाने पुरुषांच्या कातात सुवर्ण जिंकलं. मी आजही व्हिडिओ लावते तो त्याचं नाव सांगणं ऐकायला. आवाज पोटातून येतो.

एक शंका. पंधरा सेकंद उरले की "आतोशी बाराकु" म्हणतात. त्याचा अर्थ काय?

---

वाशिष्ठी

तो शब्द तोडायची जागा चुकलीये. 'आतो शिबाराकु' असा आहे. आतो म्हणजे आता यापुढे, शिबाराकु म्हणजे थोडा वेळ. "आता थोडाच वेळ उरलाय."

---

निवृत्त_मास्तर (गुहागर)

रायवळ यांचा प्रश्न मला योग्य वाटतो, आणि त्यांच्या बाजूने एक पुरावा मीच देतो. आधुनिक कराटेचे एक आद्य गुरू गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) हे ओकिनावातल्या शुरीचे, पेशाने शाळामास्तर. १९२२ साली ते प्रात्यक्षिकासाठी टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. ओकिनावातल्या कातांची नावं जुनी, चिनी वळणाची होती, टोकियोच्या विद्यार्थ्यांना अर्थ कळत नसे. फुनाकोशींनी ती बदलली. पिनानचं हेआन केलं, नाइहांचीचं तेक्की, कुशांकुचं कांकु. म्हणजे शिष्याला कळेल अशा भाषेत नाव देणं हे मूळ गुरूंनीच केलेलं आहे.

कराटे या शब्दाचंही तसंच झालं. आधी 'कारा' लिहिताना चीनच्या तांग राजवटीचं अक्षर वापरत, अर्थ 'चिनी हात'. १९३६च्या ऑक्टोबरात नाहा शहरात ओकिनावाचे गुरू एकत्र बसले आणि 'रिकामा' या अर्थाचं अक्षर स्वीकारलं. उच्चार तोच राहिला, अर्थ बदलला.

तेव्हा शब्द पवित्र आहे म्हणून हात लावायचा नाही, असं मी म्हणणार नाही. पण मालवणच्या सरांचं झेल-उके वाचल्यावर वाटतं, दोन्ही हवेत. मुलाच्या एका हातात जपानी शब्द, दुसऱ्या हातात मराठी अर्थ.

---

रायवळ

मास्तर, सर, आभार. भाचीला आज फोन केला. तिला सांगितलं, नावं फोडून बघ आणि प्रत्येक नावाला आपला एक शब्द लाव. तिने लगेच विचारलं, मग शोतोकान म्हणजे काय? मला सांगता आलं नाही.

---

बंदरावरचा_वर्ग (मालवण)

हे सांगायला मला फार आवडतं. फुनाकोशी कविता लिहायचे आणि त्यांचं टोपणनाव होतं 'शोतो'. शो म्हणजे पाइन वृक्ष, तो म्हणजे लाटा. पाइनच्या झाडांतून वारा जातो तेव्हा लाटांसारखा जो आवाज होतो, तो शोतो. शुरीजवळच्या डोंगरावर ते एकटे फिरायला जात, तिथे हा आवाज ऐकत. कान म्हणजे वास्तू. म्हणून शोतोकान.

आपल्याकडे पाइन नाही, सुरू आहे. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात संध्याकाळी उभं राहा. समुद्र मागे असतो आणि समोर झाडांतही तोच आवाज. कुठला लाटेचा आणि कुठला वाऱ्याचा ते कळत नाही. कोकणातल्या मुलाला शोतो समजावून सांगावा लागत नाही. तिथे नेऊन एक मिनिट गप्प उभं करायचं.

---

पांढरा_पट्टा (रत्नागिरी)

सगळं मुलीला वाचून दाखवलं. वही आता दोघींची झाली आहे. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला फोड, आणि ती शेजारी चित्र काढते. नेकोआशी-दाचीच्या पानावर मांजर आणि बांगडा आहे.

तुम्ही फोडायला शिकवलंत, म्हणून वर्गाच्या सुरुवातीची आणि शेवटची वाक्यंही फोडून बघितली. आम्ही वज्रासनासारखं सेइझात बसतो, मोकुसो म्हणजे डोळे मिटून शांत बसणं, आणि मग "सेन्सेइ नी रेइ." रेइ म्हणजे नमन. सेन्सेइं-ना नमन. 'नी' म्हणजे आपला 'ना'! "ओतागाइ नी रेइ", एकमेकां-ना नमन. शब्दांची जागाही तीच. भिंतीवर एक वाक्य लावलंय, "कराते नी सेन्ते नाशी." सरांना अर्थ विचारला. कराटेत पहिला वार नसतो, ही फुनाकोशींची शिकवण. घरी येऊन लिहिलं: कराटे-त, पहिला वार, नाही. इकडचा शब्द तिकडे करावा लागला नाही. मी जपानीचं एक अख्खं वाक्य समजून वाचलं, एक्केचाळिसाव्या वर्षी. त्या रात्री किती तरी वेळ झोप आली नाही.

वाशिष्ठी, एक राहिलं. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला "ओस" म्हणतात. ते बरोबर आहे का?

---

वाशिष्ठी

ताई, तुमचं वाक्य वाचून मलाही भरून आलं. हो, 'नी' कधी -ला/-ना, कधी -त. आणि आकडा दोन तोही नी, पण तो वेगळा शब्द.

ओस तुमच्या वर्गात चालत असेल तर जरूर म्हणा, वर्गाची रीत आहे. पण वर्गाबाहेर कुणा वडीलधाऱ्या जपानी माणसाला ओस म्हणू नका, ते उद्धट वाटू शकतं. तिथे साधं 'हाइ', म्हणजे हो. शिकायला सुरुवात करताना "ओनेगाइशिमास", माझी विनंती आहे, शिकवा. संपल्यावर "आरिगातो गोझाइमाश्ता". शेवटचा 'श्ता' भूतकाळाचा, कारण शिकवणं पूर्ण झालं, त्याबद्दल आभार. आणि सेन्सेइ नावाच्या मागे लागतो, आपल्या सर-गुरुजींसारखा. स्वतःला कोणी सेन्सेइ म्हणवत नाही. शब्दशः अर्थ 'आधी जन्मलेला'.

---

निवृत्त_मास्तर (गुहागर)

अग्रज.

आणि दोजो हा शब्द बौद्ध परंपरेतला आहे. बुद्धांना जिथे बोध झाला त्या जागेला संस्कृतात बोधिमंड म्हणतात. चिनी भाषांतरकारांनी त्याला 'मार्गाची जागा' असं नाव दिलं, तेच जपानात दोजो झालं. तुमचा पत्र्याचा हॉल तो दोजोच.

---

मी_देवगडचो

आवशीक सगळा वाचून दाखयलंय. ती म्हणता, त्या रत्नांग्रीच्या बायेक सांग, परीक्षेच्या दिवशी नारळ ठेवतंय देवाक. आणि आता तिका जू-इची पासून फुडचा शिकूचा हा. आज रातीक वीसापर्यंत जातली.

---

पांढरा_पट्टा (रत्नागिरी)

आजींना साष्टांग नमस्कार. नारळ पोचला म्हणून सांगा!

परीक्षा काल झाली. गणपतीत आठ दिवस वर्ग बंद होता. घरात मुंबईची बारा माणसं, त्यामुळे सराव स्वयंपाकघरात, भाजी चिरताना मनातल्या मनात. गी (कराटेचा गणवेश) दोन दिवस दांडीवर वाळत घातला तरी ओलसरच होता, तसाच घातला. सरांनी तोंडी विचारलं, उके म्हणजे काय? आमच्या आधीच्या तिघांनी ब्लॉक सांगितलं. मुलगी माझ्या पुढे उभी होती. ती म्हणाली, झेल. सर थांबले. म्हणाले, करून दाखव. तिने माझ्याकडे वळून हात उचलला, मी ओई-झुकी केली, आणि तिने माझं मनगट असं अलगद वर नेलं की मला लागलंच नाही.

दोघीही पास झालो. पाऊस उघडल्यावर वर्ग भाट्याच्या किनाऱ्यावर घेणार आहेत, सुरूच्या बनाजवळ. मालवणचे सर, मी मुलीला अजून शोतोचा अर्थ सांगितलेला नाही. तिथे गेल्यावर सांगेन.